धुळ्याच्या पोथ्या, जळगावच्या डिस्का

गेले तीन वीकांत एकाच प्रश्नात गेले: चार डिस्का कशा लावायच्या?

प्रश्न दिसायला फुटकळ आहे. जळगावच्या घरी एक छोटा सर्व्हर ठेवायचाय. त्यावर बाबांचे फोटो, घरातली जुनी खातेवही आणि पत्रांचे स्कॅन, लग्नांच्या कॅसेटींवरून उतरवलेली चित्रं, आणि आजीच्या गाण्यांतलं जे काही उरलंय ते. सगळा विदा मोजला तर साडेतीन टेराबाइट. आठ-आठ टेराबाइटच्या चार डिस्का घेतल्यात. आता यांचा संसार कसा मांडायचा यावर अस्मादिकांनी वहीची अकरा पानं भरली, आणि बाराव्या पानावर डिस्का सोडून राजवाडे आणि एकनाथ यांची नावं यायला लागली. तेव्हा लक्षात आलं की हा लेख लिहून टाकल्याशिवाय सर्व्हर काही उभा राहत नाही.

आधी थोडा डिस्कांचा इतिहास. १९५६ साली आयबीएमनं रॅमॅक नावाचं यंत्र आणलं. चोवीस इंची पन्नास तबकड्या, वजन टनाच्या आसपास, आणि मावायचं काय, तर ५० लाख अक्षरं. आज मोबाइलमधला एक बरा फोटो त्यात बसणार नाही. पुढची तीस वर्षं मोठ्या संगणकांना मोठ्या, महागड्या, लाडावलेल्या डिस्का लागायच्या. ऐंशीच्या दशकात पीसी आले आणि त्यांच्यासोबत लहान, स्वस्त डिस्का. मग १९८८ मध्ये बर्कली विद्यापीठातल्या तिघांनी, डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी, एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की एका मोठ्या डिस्केऐवजी स्वस्तातल्या शंभर लहान डिस्का एकत्र जोडा. वेग मिळेल, पैसे वाचतील. फक्त एक भानगड आहे. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरलं, तर शंभरांच्या कळपातली पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत जाणार. म्हणजे साडेबारा दिवस! पगारही महिन्यातून एकदाच होतो, आणि इथे दर पंधरवड्याला एक मयत.

या मयतीवरचा तोडगा म्हणजे रेड. त्यातल्या 'आय' या अक्षराचा मूळ अर्थ होता 'स्वस्त'. पुढे महागड्या पेट्या विकणाऱ्या कंपन्यांना तो अडचणीचा वाटला असावा, कारण त्यांनी तो बदलून 'स्वतंत्र' करून टाकला. असो. या तिघांनी सगळं शून्यातून शोधलं असंही नाही. जोडीनं डिस्का ठेवणं आधीपासून होतं आणि पॅरिटीसारख्या युक्तीचं पेटंट आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना १९७८ सालीच मिळालं होतं. पण या तिघांनी सगळ्या पद्धती एका ओळीत मांडून त्यांना नंबर दिले, आणि नंबर दिले की गोष्ट रूढ होते. (धुळ्याच्या नंबरांच्या गल्ल्यांतून लहानपणी फिरलेल्याला हे वेगळं सांगायला नको.)

पॅरिटी म्हणजे काय हे मी आईला केळीच्या गाड्यांवरून समजावलं. रावेरहून तीन गाड्या निघाल्या. पहिलीत ९ टन, दुसरीत ११, तिसरीत १०. तिघांच्या तीन चिठ्ठ्या, आणि चौथ्या चिठ्ठीवर फक्त बेरीज: ३०. कुठलीही एक चिठ्ठी हरवली तरी उरलेल्या तिघींवरून ती परत काढता येते. दोन हरवल्या की मात्र बोंबला. डिस्केवर बेरजेऐवजी एक्सॉर नावाची क्रिया असते, पण तत्त्व हेच. आणि सगळ्या बेरजेच्या चिठ्ठ्या एकाच माणसाकडे दिल्या तर त्याच्या दारात रांग लागते, म्हणून रेड-५ मध्ये त्या सगळ्यांच्या खिशात थोड्या थोड्या वाटून देतात. आई म्हणाली, "मग तीनदा लिहून का नाही ठेवत?" हा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. तो पुढे परत येणार आहे.

आता धुळं.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे नाव आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत असतं, 'इतिहासाचार्य' या एका शब्दापुरतं. माझ्या दृष्टीनं ते महाराष्ट्रातले पहिले डेटा रिकव्हरीवाले. वाड्यांच्या माळ्यांवर, कोनाड्यांत, जुन्या सरदार-कुलकर्ण्यांच्या घरी पेशवाईतली पत्रं पडून होती. काही वाळवी खात होती, काही रद्दीत जात होती. राजवाडे गावोगाव पायपीट करायचे, लोकांच्या नाकदुऱ्या काढायचे, मिळेल ते उतरवून घ्यायचे. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड आला आणि पुढे असे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं ते त्यांच्याच पुढाकारानं, खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीनं. पुढे पुण्यातल्या मंडळींशी बिनसलं आणि राजवाडे अखेरीला धुळ्यात आले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या संग्रहासाठी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. म्हणजे पुण्यात एक संग्रह आणि पुण्यापासून तीनशेहून जास्त किलोमीटरवर दुसरा. कोणी ठरवून केलं नाही, भांडणातून झालं, पण ऑफसाइट झालं.

राजवाड्यांची एक गोष्ट मला फार छळते. बीडजवळ पाटांगण इथे त्यांना ज्ञानेश्वरीची एक फार जुनी पोथी मिळाली. त्यांनी ती अभ्यासली आणि १९०९ साली छापून काढली. मूळ पोथी आज उपलब्ध नाही. ज्या माणसानं आयुष्यभर इतरांचे कागद वाचवले त्याच्या हातातली ही पोथी उरली नाही, उरली ती छापील आवृत्ती. राजवाड्यांनी अक्षर कुठे कसं वाचलं, कुठे चुकले, हे पडताळायला आता मूळच नाही. बॅकअप आहे आणि मूळ नाही, अशी अवस्था. आमच्या धंद्यात याला यश म्हणतात. पोथ्यांच्या धंद्यात त्यावर शंभर वर्षं वाद चालतात.

कारण नक्कल करणं म्हणजे जपणं नव्हेच. ज्ञानेश्वरी १२९० ची. हातानं नकलून नकलून ती गावोगाव गेली, म्हणजे हजारो मिरर तयार झाले. पण नकलणारा डुलकी खातो, अक्षर चुकतो, एखाद्याला वाटतं आपणही दोन ओव्या घालाव्यात. पुढचा नकलणारा ती चूकही तितक्याच निष्ठेनं उतरवतो. रेड-१ ही असंच करतं: चुकीची बाइट आली तर दोन्ही डिस्कांवर चुकीचीच लिहितं. शेवटी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, पैठणच्या एकनाथांनी पाठ शुद्ध करून संहिता सिद्ध केली आणि वर तंबी दिली की यात कोणी आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत. माझ्या भाषेत, जवळपास तीनशे वर्षांनी झालेला पहिला स्क्रब, आणि त्यानंतर फाइल रीड-ओन्ली!

स्क्रब म्हणजे अधूनमधून सगळी डिस्क उगाच वाचून काढणं आणि प्रत्येक तुकडा ठीक आहे का ते बघणं. सन कंपनीच्या जेफ बॉनविक, मॅथ्यू आरेन्स वगैरे मंडळींनी झेडएफएस लिहिली आणि २००५ मध्ये तिचा कोड खुला झाला, तेव्हा तिच्यातली मला आवडलेली गोष्ट हीच होती. प्रत्येक तुकड्याचा चेकसम त्या तुकड्याजवळ न ठेवता त्याच्या वरच्या पातळीवर ठेवतात. म्हणजे पोथी खोटं बोलली तरी खतावणी खरं सांगते. नुसत्या मिररमध्ये दोन प्रती वेगळ्या निघाल्या तर खरी कुठली हे कळायला मार्गच नसतो. एकनाथांपुढे हीच अडचण होती, आणि भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ महाभारताची चिकित्सित आवृत्ती करणाऱ्यांपुढेही. चेकसम कोणीच लिहून ठेवला नव्हता, मग शेकडो हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडत बसा. सत्तेचाळीस वर्षं चाललेला स्क्रब. माझा सर्व्हर रविवारी पहाटे करतो, तरी मी कुरकुरतो.

धुळ्यात दुसरंही एक घर आहे, आणि माझ्या अकरा पानांपैकी चार त्याच्यावरच खर्ची पडली. शंकर श्रीकृष्ण देव हे धुळ्याचे वकील. १८९३ साली तिथे सत्कार्योत्तेजक सभा निघाली. देवांनी तिच्यामार्फत रामदासी मठांतली बाडं शोधायला सुरुवात केली. रामदासी परंपरा ही मुळात वितरित साठवणच होती: मठ ठिकठिकाणी, प्रत्येक मठात बाडं, प्रत्येक महंत नकलणारा. त्यात परांड्याजवळच्या डोमगावच्या मठात दासबोधाची प्रत होती, समर्थांचे लेखनिक कल्याणस्वामी यांच्या हातची. देवांनी तीच प्रमाण धरून १९०५ साली दासबोध छापला. कित्येक नकलांमधून मुळाच्या सगळ्यात जवळची कोणती ते ठरवायचं, आणि ती घेऊन पुढे जायचं. १९३० साली शिवथरघळ शोधून काढली तीही याच देवांनी. १९३५ साली धुळ्यात श्री समर्थ वाग्देवता मंदिर झालं, आणि ही सगळी बाडं तिथे आली. समर्थांच्या हस्ताक्षरातली म्हणून जपलेली वाल्मीकि रामायणाची प्रत तिथेच आहे. साठवणीच्या जागेला मंदिर म्हणणारा आणि देवता म्हणून वाणी बसवणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. डेटा सेंटरला आम्ही फार फार तर 'फॅसिलिटी' म्हणतो.

दासबोध मी यानिमित्तानं पुन्हा चाळला (खोटं कशाला बोलू, पहिल्यांदाच नीट वाचला). एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. कागद, शाई, लेखण्या, चाकू, अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर. तंतोतंत स्पेसिफिकेशन. पहिलं अक्षर आणि ग्रंथाचं शेवटचं अक्षर एकाच लेखणीनं लिहिल्यासारखं दिसलं पाहिजे म्हणतात. आणि मग एक सूचना अशी की मी खुर्चीत ताठ बसलो: पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडा आणि मजकूर मधोमध लिहा, म्हणजे कागद कडेनं झडत गेला तरी झडणं अक्षरापर्यंत पोचणार नाही. अहो, हीच तर रिडंडन्सी! रेड-५ मध्ये चारातली एक डिस्क मी पॅरिटीला देतो, ती 'वाया' जाते, म्हणून बाबा कुरकुरले होते. समासदेखील वायाच गेलेला कागद. कागद महाग असण्याच्या काळात कोणीतरी हिशेब करून सांगतंय की झिजणार हे नक्की, तेव्हा झिजायला काहीतरी राखून ठेवा.

बरं, समास सोडून, म्हणजे झिजेचं भान ठेवूनही, सगळं जाऊ शकतं. म्हाइंभटांनी जमवलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत परचक्राच्या धामधुमीत गेली आणि महानुभावांनी ती आठवणीतून पुन्हा उभी केली. ज्याला जसं आठवलं तसं, म्हणून आज त्याचे वेगवेगळे पाठ आहेत. माणसांच्या डोक्यांवरून केलेला रिबिल्ड. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यातल्या नदीकाठच्या कितीतरी घरांतल्या पेट्या वाहून गेल्या. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर संस्थेत मोडतोड झाली. पूर, जमाव, आग यांना पॅरिटी कळत नाही. एका पेटीत कितीही डिस्का कोंबल्या तरी पेटी एकच.

आणि एकाच प्रतीची गोष्ट सांगायची तर जळगावला यावं लागतं. बहिणाबाई चौधरी असोद्याच्या, दिलेल्या जळगावात. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर गाणी सुचायची आणि हवेत जायची. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ पितांबर यांनी जमतील तशी ती वहीत उतरवून घेतली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक आलं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे (२०१८ पासून). हे सगळं एका वहीवर उभं आहे. आणि ज्या दिवशी पोरं जवळ नव्हती त्या दिवशीची गाणी? त्यांची मोजदादही नाही. हरवलेल्या फाइलची निदान यादी असते. यांची यादीसुद्धा नाही.

इथे मला माझं सांगावं लागेल, टाळत होतो.

माझी आजी धुळ्याकडची. अहिराणी बोलायची, आणि गायची. कानबाईची गाणी, आखाजीची गाणी, जात्यावरची. २००९ च्या उन्हाळ्यात मी तिची सतरा गाणी रेकॉर्ड केली. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच "झायं का रे?" असं विचारणं. २०११ ला आजी गेली. रेकॉर्डिंग माझ्या पुण्यातल्या मशीनवर होतं, दोन डिस्कांच्या मिररवर. मला त्या मिररचा इतका अभिमान होता की मित्रांना फुकट सल्ले द्यायचो. २०१४ मध्ये एका रात्री आरसिंक चालवताना मी कुठून-कुठे यांची अदलाबदल केली, आणि वर डिलीटवाला पर्याय दिलेला. रिकाम्या फोल्डरनं भरलेल्या फोल्डरला आपल्यासारखं करून टाकलं. मिररनं त्याचं काम चोख बजावलं: दोन्ही डिस्कांवरून, त्याच क्षणी, सगळं पुसलं. एकही डिस्क बिघडली नव्हती. दोष हार्डवेअरचा नाही, माझा.

वाचलं ते आत्यामुळे. २०१० च्या दिवाळीत मी तिला धुळ्यात एक सीडी लिहून दिली होती, "आईचा आवाज पाहिजे" म्हणाली म्हणून. तेव्हा घाईत होतो, सीडीवर बाराच टाकली. ती सीडी तिनं साडीच्या घडीत ठेवलेली. बारापैकी एक ट्रॅक वाचता आला नाही. अकरा परत मिळाली. उरलेली सहा कुठली होती हे मला नीट आठवतही नाही. कानबाईच्या विसर्जनाचं एक होतं इतकं नक्की.

तर आता गणित. चारही डिस्का एका पेटीत घालून रेड-५ केलं तर २४ टेराबाइट मिळतात. मोह होतो. पण एक डिस्क गेल्यावर उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात. घरगुती डिस्कांच्या कागदावर लिहिलेलं असतं की १० चा चौदावा घात इतके बिट वाचताना फार तर एक न वाचता येणारा निघेल. हे होतात साडेबारा टेराबाइट, आणि आपल्याला वाचायचेत चोवीस. प्रत्यक्षात डिस्का कागदापेक्षा बऱ्या वागतात, पण साठवणीचा हिशेब आशेवर करत नाहीत. नवी डिस्क भरायला सेकंदाला दीडशे मेगाबाइटनं गेलं तरी पंधरा तास. मे महिन्यात, जळगावात. गूगलच्या लोकांनी २००७ साली लाखभर डिस्कांचा अभ्यास करून सांगितलं की उष्णतेचा आणि बिघाडाचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नाही. ती मंडळी आमच्या गच्चीखालच्या खोलीत पंचेचाळीस अंशांत बसलेली नाहीत. त्याच वर्षी, त्याच परिषदेत बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन (हो, रेडवालाच) यांनी दाखवलं की डिस्का कंपनीच्या आकड्यांपेक्षा बऱ्याच जास्त बदलाव्या लागतात आणि त्यांचे बिघाड एकमेकांपासून सुटे नसतात. एक गेली की दुसरीची शक्यता वाढते. म्हणून दोन डिस्का एका दुकानातून घेतल्या, दोन दुसऱ्या दुकानातून, महिन्याच्या अंतरानं. दोन पॅरिटीवाली मांडणी केली तर १६ टेराबाइट, आणि कुठल्याही दोन गेल्या तरी चालतं. बाराव्या पानापर्यंत मी हीच मांडणी ठरवली होती.

मग आईचा प्रश्न आठवला. तीनदा लिहून का नाही ठेवत? मला लागतात साडेतीन. मी सोळा आणि चोवीसची भांडणं कोणासाठी करतोय?

शेवटी दोन डिस्का जळगावात मिरर, दोन धुळ्यात मिरर. वापरायला आठ टेराबाइट, बाकी समास. मध्ये एरंडोल, पारोळा आणि नव्वदेक किलोमीटरचा रस्ता. रोज रात्री जळगाव धुळ्याला बदल पाठवणार, पण धुळ्याची पेटी जुनी चित्रं, म्हणजे स्नॅपशॉट, वर्षभर सोडणार नाही, आणि जळगावहून तिला काही पुसायची परवानगीच नाही. माझ्यापासून संरक्षण, दुसऱ्या कोणापासून नाही. दर महिन्याला दोन्हीकडे स्क्रब. शिवाय ती अकरा गाणी अहिराणीत कागदावर लिहून काढायची आहेत, शाई आणि कागदानं. आत्या सांगणार, मी लिहिणार. तिला त्या सहापैकी दोन आठवतात म्हणे, चालीसकट. पुढच्या शनिवारी जातोय.

इतिहासाचे विद्यार्थी इथे म्हणतील की १९०६ साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन तुकडे केले, जळगाव एकीकडे, धुळं दुसरीकडे, त्याचा असा उपयोग कोणी केला नसेल. कबूल.

काल आत्याला फोनवर हे सगळं समजावलं. पेटी केवढी, आवाज करते का, वीज किती खाते, सगळं तिनं विचारलं. मग म्हणाली, "देवघरमा ठेवू का रे?" मी म्हटलं देवघरात नको, उदबत्तीची राख पंख्यात जाते, आतल्या खोलीत कपाटावर ठेव. "बरं," म्हणाली, "मग साडीवालं कपाट. तठेच ती सीडी शे."